कपाटाशेजारची जागा

६ जानेवारी

प्रिय खारू,

तुझी सातवीची पुस्तकं आली होती, तो दिवस आठवतो का? जेवणाच्या टेबलावर आपण दोघी तपकिरी कागदाची कव्हरं घालत बसलो होतो. तू कोपरे कापायचीस, मी आत दुमडायचे. बाबा हॉलमध्ये येरझारा घालत भाषण पाठ करत होते. दर फेरीला दारापाशी आले की थांबायचे आणि तुला विचारायचे, "कसं वाटलं?" तू वर न बघता म्हणालीस, "शेवटचं वाक्य खोटं वाटतंय." ते निमूट परत गेले, वाक्य बदलून आले. पुन्हा तेच. शेवटी कात्री खाली ठेवून तू म्हणालीस, "पास." केवढे खूश झाले होते! राज्याचा कारभार हाकणारा माणूस, पण घरातली परीक्षक तू होतीस.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, पत्रात कामाचं आधी लिहावं आणि आठवणी मागून. माझं उलटं झालं. मार्क कापलेस तरी चालेल.

काम असं की त्या मुलाखतीवर सिनेमा निघतोय. पुलावरच्या गोळीबारानंतर महिन्याभराने आपल्या पुढच्या खोलीत टीव्हीच्या त्या पत्रकार बाईंनी बाबांची घेतलेली मुलाखत. पुलावर कामगारांचा मोर्चा होता, गोळ्या सुटल्या, माणसं मेली आणि आदेश कोणी दिला हे सगळा देश विचारत होता. बाबा गृहमंत्री. बाईंनी तेच विचारलं आणि बाबा म्हणाले, "आदेश माझा नव्हता. पुलावरच्या अधिकाऱ्याने आपल्या अखत्यारीत निर्णय घेतला." अधिकाऱ्याची नोकरी गेली, बाबांची खुर्ची राहिली. लोक अजून म्हणतात, त्या दिवशी बाई हरल्या. सिनेमा म्हणे त्या हरण्यावरच आहे.

दिग्दर्शक येऊन गेला. तरुण आहे, नम्र आहे, बूट दाराबाहेर काढून मोजे घातलेल्या पायांनी घरभर फिरला. त्याला आपल्या पुढच्या खोलीत नटांच्या तालमी घ्यायच्या आहेत. मी हो म्हटलं. घरात हल्ली नर्सबाई आणि मी सोडून कोणाचा आवाज नसतो. बाबांच्या आजाराचं तुला गेल्या वर्षी लिहिलं होतं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण जुनं सगळं लख्ख, वेळ मात्र कुठलीही. परवा मला विचारत होते, "तुझी परीक्षा कधी आहे?"

तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. नववर्षाच्या कार्डामागचा पत्ता तेवढा आहे, त्यावर हे पाठवते. सिनेमावाले तुलाही शोधतील. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना "आ करा" म्हणून तोंड उघडायला लावतेस, स्वतःची मात्र दातखीळ बसलेली, असं मी रागाने म्हणत नाही. नुसतं म्हणते.

तुझी,
आई

२३ जानेवारी

प्रिय खारू,

उत्तर नाही आलं. येईल असं धरून लिहिलंही नव्हतं.

बाबांचं काम करणारा नट रोज येतो. मी त्याला धाकटे साहेब म्हणते. चेहऱ्याने मुळीच त्यांच्यासारखा नाही. नाक बसकं, खांदे अरुंद. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय बाई निवडलाय. तो एका कोपऱ्यात बसून बाबांकडे बघत राहिला. ते चष्मा कसा पुसतात, उठताना आधी डाव्या गुडघ्यावर हात कसा ठेवतात, बोलण्याआधी कानाची पाळी कशी चिमटीत धरतात. चौथ्या की पाचव्या दिवशी मी चहा घेऊन आले आणि खिडकीकडे पाठ करून बाबा उभे होते. पन्नाशीचे, ताठ. माझ्या हातातल्या कपबश्या वाजल्या. तो वळला तेव्हा तेच बसकं नाक. त्याला नेहमीसारखा बिनसाखरेचा चहा दिला मी, त्यालाही तसाच लागतो की नाही हे न विचारता. गुपचूप प्यायला बिचारा.

बाबा त्याला बघून नर्सबाईंना म्हणाले, "हा माणूस माझी नक्कल करतो. पगार किती आहे याला?"

"तुमच्यापेक्षा जास्त, साहेब," ती म्हणाली.

"मग बरोबर करतोय."

त्या बाईंचं काम करणारी नटी वेगळीच आहे. खऱ्या बाई वारल्या, त्यामुळे हिला जुन्या टेपवरच अभ्यास करावा लागतो. स्वेटर विणत बसते, मला टाके विचारते, काकू काकू करते. पण तालीम सुरू झाली की विणकाम पिशवीत जातं आणि खोलीतली हवाच बदलते. आवाज चढवत नाही, उलट खाली आणते. शेवटच्या प्रश्नाआधी मनगटावरचं घड्याळ सोडते आणि टेबलावर पालथं ठेवते. खऱ्या बाई तसंच करायच्या. आता वेळ संपली तरी मी उठणार नाही, असा त्याचा अर्थ.

वाद आहे तो त्यानंतरच्या जागेवर. प्रश्न आणि उत्तराच्या मध्ये बाबा बराच वेळ गप्प राहिले होते, टेपवर आहे ते. दिग्दर्शकाचं म्हणणं, तो कावेबाजपणा. धाकटे साहेब त्या वेळी खाली बघतात, स्वतःच्या बोटांकडे, आणि मग हळूच हसून उत्तर देतात. बघताना अंगावर काटा येतो, इतकं गोड हसतात. मला ते आवडलं नाही. पण मी काय सांगणार? मी कुठे खोलीत होते? आवाज नको म्हणून मला स्वयंपाकघरात बसवलं होतं, नळसुद्धा सोडायचा नाही अशी ताकीद होती. दार बंद. मी मुलाखत पाहिली ती दोन दिवसांनी, टीव्हीवर, सगळ्यांसारखी.

काल तालमीत बाबा कोपऱ्यात बिस्किट खात बसले होते. धाकट्या साहेबांनी मान खाली घातली आणि बाबा एकदम म्हणाले, "खाली नाही बघितलं."

"मग कुठे बघितलं, साहेब?" दिग्दर्शकाने विचारलं.

बाबांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं आणि सगळं तिथेच राहिलं.

तुझी,
आई

४ फेब्रुवारी

खारू,

आज लांबण लावत नाही. तालीम अर्ध्यावर थांबली, बाबा दमले होते. आता झोपलेत. बाकी ठीक.

एकच विचारायचं आहे. मुलाखतीच्या दिवशी तू काय घातलं होतंस? त्यांच्या कपडेपटाला हवंय. आठवत असेल तर कळव. दोन ओळी पुरेत.

आई

९ फेब्रुवारी

प्रिय खारू,

मागच्या पत्रात मी तुझ्याशी सरळ वागले नाही. कपडेपटाने काही विचारलेलं नाही. मुलाखतीच्या वेळी तू खोलीत होतीस का, हे मला सरळ विचारायला जमलं नाही, म्हणून आडून विचारलं. आता झालं ते सांगते.

त्या दिवशी रंगीत तालीम होती. खुर्च्या तेव्हासारख्याच मांडल्या होत्या. धाकटे साहेब बाबांच्या खुर्चीत, ती समोर, बाबा दाराजवळ वेताच्या स्टुलावर, मांडीवर शाल. दिग्दर्शक तालमी कॅमेऱ्यात धरून ठेवतो, तसा कॅमेरा तिपाईवर चालू होता. तिने घड्याळ सोडलं, पालथं ठेवलं आणि विचारलं, "पुलावर गोळी चालवण्याचा आदेश कोणी दिला?"

धाकट्या साहेबांनी कानाची पाळी धरली. आणि उत्तर दाराजवळून आलं.

"मी दिला."

ती नटी खरी हुशार. मान न वळवता, त्याच थंड आवाजात तिने पुढचं विचारलं, जे तिच्या कागदांत नव्हतंच. "कसा दिला?"

"हॉलमधल्या टेलिफोनवरून. म्हटलं, पूल मोकळा करा. तो म्हणाला, साहेब, बायका-पोरं आहेत. मी म्हटलं, कसाही करा." मग त्यांनी पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे कोणी नव्हतं. "हिने ऐकलंय. विचारा तिला. खारू, सांग यांना."

थोडा वेळ ते त्या जागेकडे बघत राहिले, उत्तराची वाट बघावी तसे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा झाला का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि सोडलेलाच ठेवला.

गोळीबाराच्या दिवशी मी आजीच्या उशाशी दवाखान्यात होते, दुसऱ्या गावात. घरात तू आणि ते, दोघंच. मुलाखत दाखवली त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. मी दारात आडवी उभी राहिले तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "बाबांना विचार." मी विचारलं गं. ते म्हणाले, "तरुण आहे. तत्त्वं चावतात या वयात." मला वाटलं, बापलेकीत काहीतरी राजकारणावरून बिनसलंय, येईल चार महिन्यांनी.

दिग्दर्शक जाताना म्हणाला, "काकू, तुमच्या परवानगीशिवाय मी ही टेप वापरणार नाही. पण पुसणारही नाही." चांगलं बोलला. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्याचा अख्खा सिनेमा उलटापालटा झालाय.

आणि काल पक्षाचे वकील आले. तुला लहानपणी सायकलवरून फिरवणारे, तेच. आता त्यांना ड्रायव्हर आहे. तालमीचं त्यांच्या कानावर आलंच होतं. कोर्टात सिनेमाविरुद्ध अर्ज करायचाय, कुटुंबाची बदनामी म्हणून. कुटुंब म्हणजे मी.

"वहिनी, एक सही. बाकी सगळं माझ्यावर सोडा."

"ते जे बोलले, ते खरं असेल तर?"

"साहेब? अहो, परवा साहेब मला आपले वडील समजून पाया पडायला निघाले होते. उद्या म्हणतील, चंद्रावर पहिलं पाऊल मीच टाकलं. तेही लिहून घेणार का?"

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. हसू ओसरायच्या आत वकील म्हणाले, "घर पक्षाच्या विश्वस्त मंडळाचं आहे, हे मी तुम्हाला काय सांगायचं. साहेबांचं नाव आहे तोवर कोणी तुम्हाला हात लावत नाही."

मी म्हटलं, विचार करते. शाळेत वागणुकीत माझा पहिला नंबर असायचा, तो याच उत्तरामुळे.

आजारी माणसाच्या बोलण्यावर कोणाची बेअब्रू पुसली जात नाही, आणि होतही नाही. त्यांच्या बोलण्याला दुसऱ्या कोणाचा तरी आधार लागेल. त्या घरात तेव्हा दुसरं कोण होतं, ते तुला माहीत आहे. मी तुला काही कर असं म्हणत नाही. मला फक्त कळू दे, खरं काय ते.

आई

१७ फेब्रुवारी

प्रिय खारू,

आज पुलावरच्या अधिकाऱ्याची बायको आली होती.

मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझ्याच वयाची, केस बारीक कापलेले, बोटाला शिवणाचं अंगुस्तान तसंच. कपडे उसवून बारीक-मोठे करून देण्याचं दुकान आहे तिचं, काम टाकून आली होती. बस म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर बसली. आणि ती काय मागायला आली असेल? तीच सही. वकिलांनी तिलाही गाठलं होतं.

"त्या सिनेमात माझा नवरा हात वर करतो आणि गोळ्या सुटतात," ती म्हणाली. "लोक विसरत आले होते हो, ताई. आमचे हे वारले तेव्हा शेजारचे चार लोक खांदा द्यायला आले. आधी तेवढेही आले नसते. आता नातू विचारतो, आजी, पोस्टरवर आहेत ते आजोबा का? तुम्ही सही केलीत तर थांबेल म्हणतात."

"ते तुमच्याशी कधी बोलले? त्या दिवसाबद्दल?"

"एकदाच. म्हणाले, वरून फोन होता. कोणाचा ते सांगितलं नाही. मी भांडले, जेवण टाकलं, माहेरी गेले. नाही सांगितलं. म्हणाले, नोकरीची शपथ आहे. नोकरी गेल्यावरही शपथ." तिने बोलता बोलता आपल्या पडद्याची खालची कड हातात घेतली, शिलाई सुटलीय ती. तिचं लक्ष नव्हतं, बोटं आपोआप चालली होती. "मी म्हणायचे, तुमचं तोंड शिवून टाकलंय कोणी तरी."

तेवढ्यात बाबा काठी टेकत आले. तिच्याकडे बघून म्हणाले, "आपण कोण?"

ती उभी राहिली. "पुलावर होते ना साहेब, त्यांची बायको."

बाबांनी मान डोलावली. "चांगला अधिकारी. एकदाच नाही म्हणाला, मग ऐकलं त्याने."

तिने माझ्याकडे पाहिलं. खारू, ती बाई मूर्ख नाही. मी काहीतरी बोलावं म्हणून ती उभी होती आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर "यांची तब्येत बरी नसते हल्ली." वकिलांचंच वाक्य. ती "बरं" म्हणाली आणि चपला घालायला लागली.

मी तिच्यामागे फाटकापर्यंत गेले. म्हटलं, "मी सही करत नाहीये. पण सिनेमा आहे तसाही राहणार नाही. मला थोडा अवधी द्या. एका माणसाचं पत्र यायचं आहे."

"कोणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"येईल?"

"माहीत नाही," मी म्हटलं. तिच्याशी निदान एक वाक्य तरी खरं बोलले.

वकिलांचा रोज फोन येतो. काल म्हणाले, महिनाअखेर कोर्टाची तारीख आहे, त्याआधी सही हवी, नाहीतर मंडळाची बैठक आहेच. बैठक कशाची ते मी विचारलं नाही. दिग्दर्शकाचं शेवटचं चित्रीकरण मार्चच्या सुरुवातीला आहे, त्यालाही ठरवायचंय, धाकटे साहेब खाली बघणार की आणखी कुठे. सगळे माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी टपालवाल्याच्या. तो हल्ली फाटक न उघडता लांबूनच नाही म्हणून हात हलवतो. मला त्याचा राग यायला लागलाय.

तुझी,
आई

११ मार्च

माझ्या खारूबाई,

तुझं पाकीट मिळून दोन आठवडे झाले. टपालवाला या खेपेला फाटक उघडून आत आला होता.

दोन्ही कागद वाचले. सहीशिक्क्याचा, तुझ्या साक्षीचा, वाचून त्याची घडी केली आणि त्याच दुपारी दिग्दर्शकाच्या हातात दिला. त्यात तू टेलिफोनवरचे शब्द लिहिलेस ते बाबांच्या शब्दांशी तंतोतंत जुळतात. "साहेब, बायका-पोरं आहेत" हे तेवढं तुझ्या कागदात नाही. ते कसं असणार? ते पलीकडून आलं होतं. ते एकट्या बाबांनाच ऐकू गेलं होतं आणि इतकी वर्षं त्यांच्याच कानात राहिलं.

दुसरी चिठ्ठी मी कोणाला दाखवली नाही. "तुझा राखाडी स्वेटर घातला होता आई, कोपराला ठिगळ लावलेला. उत्तर देण्याआधी बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून. मग ते बाईंकडे वळले आणि बोलले." मी ती इतक्यांदा वाचली की घडीवर अक्षर पुसट झालंय. त्यांना "पास" हवं होतं तुझ्याकडून. तू दिलं नाहीस आणि ते तरीही बोलले.

टेप वापरायला द्यायची, तर बाबांना विचारायला हवं असं मला वाटत होतं. कळो न कळो. एका सकाळी ते बरे होते, मला माझ्या नावाने हाक मारली. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "पुलाचं लोकांना सांगू का? टेलिफोनचं?" ते बागेकडे बघत होते. मग म्हणाले, "शेवटचं वाक्य बदला. खोटं वाटतंय." यावर वकील काय म्हणतील ते मला माहीत आहे. मला ते पुरलं.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांना फोनवर सांगितलं की सही मिळणार नाही. ते म्हणाले, "वहिनी, कुठे जाल?"

"दोन खोल्या बघितल्यात. नर्सबाईंच्या गल्लीत."

"साहेब दोन खोल्यांत?"

"त्यांना कळेपर्यंत आम्ही तिथे रुळलेलो असू."

दुसऱ्या दिवशी मंडळाची नोटीस आली. घर महिनाअखेर रिकामं करायचं. भाषा फार सभ्य आहे. ज्याने लिहिली तो आपल्याकडे जेवून गेलेला असणार.

मग मी त्या शिवणाऱ्या बाईंच्या दुकानात गेले, दिग्दर्शक यंत्र घेऊन बरोबर होता. तिने दार लोटून घेतलं आणि टेप ऐकली. एकदा. मग म्हणाली, परत लावा. दुसऱ्यांदा ऐकताना तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला होता, चाक फिरू नये असा घट्ट. संपल्यावर ती काय म्हणाली असेल? "आवाज किती म्हातारा झालाय यांचा." मग तुझा कागद वाचला. "मुलगी तेव्हा किती मोठी होती?" मी म्हटलं, तेवीस. "मला आधी का नाही सांगितलं तिने?" याचं उत्तर तुझ्याजवळ असेल तर ते तिला द्यायचं आहे, मला नाही. शेवटी ती म्हणाली, सिनेमा येऊ दे. नातवाला घेऊन जाईन.

काल चित्रीकरण बघायला बोलावलं होतं. मोठ्या गोदामात आपली पुढची खोली उभी केलीय, पडद्याची सुटलेली शिलाईसुद्धा. फक्त छत नाही. कपाटाशेजारी एक मुलगी उभी होती, राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ. ते ठिगळ, बाबांचं बघणं, तुझं मान हलवणं, सगळं तुझ्या चिठ्ठीवरून मीच सांगितलं, रागावू नकोस. दिग्दर्शक "चालू" म्हणाला. नटीने घड्याळ सोडलं, पालथं ठेवलं, प्रश्न विचारला. धाकट्या साहेबांनी कानाची पाळी धरली, आणि मग नजर उचलून डावीकडे, कपाटाकडे पाहिलं. कावा नव्हता त्या नजरेत. आर्जव होतं. मुलीने मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, दिवा मालवल्यासारखं, आणि ते वळून स्वच्छ आवाजात बोलले, "आदेश माझा नव्हता."

मी उठून उभी राहिले होते. नर्सबाईंनी पदर ओढून बसवलं.

"थांबा" म्हटल्यावर नटीला घड्याळ परत बांधता येईना. धाकट्या साहेबांनी बांधून दिलं. सिनेमा खोट्या वाक्यावर संपणार नाही. पडदा काळा होईल आणि त्यावर बाबांचा खरा, म्हातारा आवाज येईल. "मी दिला" पासून "खारू, सांग यांना" पर्यंत. त्यापुढे अधिकाऱ्याचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

मी बाबांवर रागावलेय का, असं तू विचारलं नाहीस. रागावलेय. रोज सकाळी त्यांची दाढी करताना रागावते आणि गालाला साबण लावेपर्यंत ते विसरतात. एकटीने किती भांडायचं?

तुझी,
आई

३० मार्च

प्रिय खारू,

उद्या सामान हलेल. तू उन्हाळ्यात येणार असं लिहिलंस, "बहुतेक" असं लिहिलंस. त्या शब्दाखाली मी रेघ ओढलेली नाही. पण तू येईपर्यंत या घरात दुसरं कोणी असेल, म्हणून काय कुठे जाणार ते सांगून ठेवते. मी विसरले किंवा मला काही झालं तर तू बघ.

चष्म्याचं जुनं घर आणि काठी धाकट्या साहेबांना. त्यांनी मागितली नव्हती, पण जाताना काठीवरून हात फिरवत होते. बाबांना चार पायांची नवी घेतली आहे. जुना कोट त्यांना देऊ नकोस, ते तो घालतील आणि मला पुन्हा कपबश्या वाजवायच्या नाहीत. कोट नर्सबाईंच्या भावाला बसतो.

माझ्या विणकामाच्या सुया आणि लोकरीची पेटी नटीला. तिचा स्वेटर अजून एका बाहीचा आहे. म्हणावं, कॉलर घट्ट घालू नकोस.

पुढच्या खोलीचे पडदे त्या शिवणाऱ्या बाईंना. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "नीट शिवून परत आणून देते." मी म्हटलं, ठेवा. आता आमच्याकडे एवढी मोठी खिडकी नाही. टेपची एक प्रत तिच्याकडे आहे, दुसरी तुझ्या नावाने दिग्दर्शकाकडे. ऐकायची की नाही ते तू ठरव. तुझा सहीशिक्क्याचा कागदही तिच्याकडेच ठेवला आहे. तो तिचाच आहे.

पक्षाची मानपत्रं, हार घातलेले फोटो, चांदीची ती तलवार वकिलांना. ते गाडी पाठवणार आहेत. तुला सायकलवर बसवलेला त्यांचा फोटो मी त्यांतून काढून घेतलाय. तो तुझा. त्या वेळी ते भले माणूस होते.

हॉलमधला टेलिफोन कोणालाही द्यायचा नाही. सिनेमावाल्यांनी मागितला, मी नाही म्हटलं. वायर कापून मोडीत घालायला सांगितलाय आणि मोडीवाल्यासमोर मी स्वतः उभी राहणार आहे.

पुस्तकांचं कपाट पुस्तकांसकट माझ्या शाळेला. सिस्टर आहेत अजून, नव्वदीच्या, त्यांनी स्वतः पत्र लिहून होकार कळवला. अक्षर अजून छापल्यासारखं. तुझी सातवीची पुस्तकं त्यात खालच्या खणात होती, तपकिरी कव्हरांसकट. ती काढून घेतली आहेत. कव्हरं माझी, पुस्तकं तुझी, असं वाटून घेऊ.

बाबांची खुर्ची आमच्याबरोबर येते. ती आजच पुढे नेली आणि नव्या खोलीत कुठे ठेवायची हे हमालांना दाखवून आले. एकाने ती सरळ कोपऱ्यात सरकवली. मी म्हटलं, कोपऱ्यात नको, डाव्या हाताला माणूस उभं राहील एवढी जागा सोडा.

"जागा कुठे आहे, आजी? इथे काय ठेवणार?"

"काही ठेवायचं नाही," मी म्हटलं. "ते तिकडे बघतात."

तुझी,
आई